ईटीपीतील गाळ पुन्हा पुन्हा वाढतो : आधी कोरडे वजन, मग उपाय

जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या एरेशन टँकमधला गाळ उपसला, गाळ दाबून पाणी काढणारी फिल्टर प्रेस दोन पाळ्यांत चालवली, गाळ वाळवण्याचे सगळे ड्रायिंग बेड भरले, आणि तरीही दोन-तीन आठवड्यांत, जिथे गाळ तळाशी बसायला हवा त्या क्लॅरिफायरच्या कडेवरून गाळ वाहू लागला, ही तक्रार औद्योगिक सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया करणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत, म्हणजे ईटीपींत, कधी ना कधी ऐकू येते. पावसाळ्यात ती अधिक तीव्र होते, कारण उघडे ड्रायिंग बेड जून ते सप्टेंबर नीट वाळत नाहीत आणि नवा गाळ सोडायला जागा उरत नाही. या तक्रारीवर सर्वसाधारणपणे दोनच उपाय केले जातात : गाळ आणखी उपसणे, किंवा एखादे बायो-कल्चर (तयार जिवाणूंचे मिश्रण) विकत आणून टाकणे. पहिल्याने ऑपरेटरला आठवडाभर बरे वाटते, दुसऱ्याने विक्रेत्याला. मूळ कारण दोन्हींमुळे जागचे हलत नाही, म्हणूनच तक्रार ठरावीक काळाने परत येते.

गाळ फार झाला या एका वाक्यामागे निदान पाच वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात. गाळ वजनाने तेवढाच असून फक्त फुगलेला असेल; तो जैविक नसून फिटकरी, चुना किंवा लोहक्षारांमुळे तयार झालेला रासायनिक गाळ असेल; उत्पादन विभागाकडून येणारा सेंद्रिय भारच वाढला असेल; गाळ फार लवकर उपसला जात असल्याने त्याला स्वतःचा क्षय होऊ देण्याइतका वेळच मिळत नसेल; किंवा प्रेसमधून निसटलेला तोच गाळ गाळणीच्या पाण्याबरोबर पुन्हा प्रकल्पात फिरत असेल. या पाचांचे उपाय वेगळे आहेत आणि काही बाबतींत परस्परविरोधी आहेत. म्हणून रोज किती कोरडे किलो गाळ तयार होतो हे कळल्याशिवाय कोणत्याही झडपेला किंवा खरेदीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुगलेला गाळ आणि जास्त गाळ

बहुतेक ठिकाणी रोजची एकच चाचणी होते : एक लिटरच्या मोजपात्रात एरेशन टँकमधले मिश्रण घेऊन अर्ध्या तासाने गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते पाहणे. हा एसव्ही-३० आकडा ८०० आला की गाळ फार झाला असे समजून उपसा सुरू होतो. पण या आकड्याला एमएलएसएसची, म्हणजे टाकीतल्या एकूण निलंबित घन पदार्थांची, जोड दिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एमएलएसएस ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असताना ८०० मिलिलिटर गाळ बसत असेल, तर एका ग्रॅम गाळाने सुमारे २६७ मिलिलिटर जागा व्यापली आहे. हा निर्देशांक, म्हणजे एसव्हीआय, निरोगी गाळात साधारण ८० ते १२० असतो आणि १५०च्या वर गेला की गाळ फुगू लागला असे मानतात. या उदाहरणात गाळ जास्त नाही, तो बसत नाही एवढेच खरे. एमएलएसएस ६,००० असताना तोच ८०० आकडा आला असता, तर निर्देशांक १३३ भरला असता आणि मग खरोखरच टाकीत गाळ गर्दीने भरला आहे असे म्हणता आले असते.

प्रयोगशाळा हाताशी नसेल, तर पाळीवरच करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. एका पात्रात मिश्रण जसेच्या तसे घ्यावे आणि दुसऱ्यात तेच मिश्रण क्लॅरिफायरच्या स्वच्छ पाण्याने निम्मे करून घ्यावे. पातळ केलेला गाळ झपाट्याने खाली बसला आणि मूळ पात्रातला अडखळत राहिला, तर गर्दी हेच कारण आहे व उपसा वाढवणे योग्य ठरते. दोन्ही पात्रांतला गाळ तितकाच रेंगाळत असेल, तर तंतुमय जिवाणूंची वाढ झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

तंतुमय वाढ असताना उपसा वाढवणे हा चुकीचा उपाय आहे. टाकीतील गाळ कमी होतो, उरलेल्या गाळावर अन्नाचा भार वाढतो, त्याला लागणारा ऑक्सिजन वाढतो, ब्लोअर मुळात अपुरा असेल तर विरघळलेला ऑक्सिजन आणखी खाली जातो, आणि कमी ऑक्सिजनात टिकून राहणाऱ्या तंतूंनाच मोकळे रान मिळते. अशा वेळी आधी सर्वाधिक भाराच्या तासाला टाकीच्या दोन-तीन ठिकाणी ऑक्सिजन मोजावा. तो २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास हवा. नंतर समतोल टाकीतील (जिथे येणारे सांडपाणी आधी साठवून एकसारखे केले जाते) पाणी सडून काळे पडते का, तेल-तूप सापळ्यातून पुढे जाते का आणि नत्र-स्फुरद पुरेसे आहे का हे पाहावे. नत्र कमी पडले की जिवाणू बुळबुळीत आवरण तयार करतात, आणि तो गाळ ना क्लॅरिफायरमध्ये बसतो ना प्रेसमध्ये पाणी सोडतो. रिटर्न स्लजमध्ये (क्लॅरिफायरच्या तळातून एरेशन टँकमध्ये परत जाणाऱ्या गाळात) अल्प मात्रेत क्लोरीन सोडून तंतू मारता येतात, पण ते फक्त तात्पुरते आवरणे झाले.

गाळात राख किती

दुसरी चाचणी मात्र प्रयोगशाळेतच करावी लागते आणि ती टाळू नये. वाळवलेला गाळ ५५० अंश सेल्सिअसला जाळल्यावर जो भाग उडून जातो तो सेंद्रिय, म्हणजे एमएलव्हीएसएस. निव्वळ जैविक गाळात हा भाग साधारण ७० ते ८० टक्के असतो. तो ५० टक्क्यांच्या खाली आला असेल, तर अर्ध्याहून अधिक गाळ जिवाणूंनी बनवलेलाच नाही, आणि मग जैविक प्रक्रियेत कितीही सुधारणा केली तरी फारसा फरक पडणार नाही.

रासायनिक गाळाचा हिशेब सोपा आहे. एक किलो घन फिटकरीपासून सुमारे २६० ग्रॅम, एक किलो हिराकशीपासून (फेरस सल्फेट) सुमारे ३८० ग्रॅम आणि एक किलो फेरिक क्लोराइडपासून सुमारे ६६० ग्रॅम कोरडा हायड्रॉक्साइड तयार होतो. शिवाय या हायड्रॉक्साइडचा गाळ पाणी धरून ठेवतो. चुना वापरला तर त्यातील न विरघळलेले खडे आणि कार्बोनेट होऊन बसणारा भाग वेगळा मोजावा लागतो. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या बाजूच्या कापडप्रक्रिया उद्योगांत रंग काढण्यासाठी चुना आणि हिराकस यांची जोडी वापरण्याची पद्धत आहे. तिथे गाळाचे मोठे कारण बहुधा रसायनांच्या ड्रममध्येच सापडेल. दर पाळीला ठरलेल्या बादल्या ओतण्याऐवजी आठवड्यातून एकदा तरी जार टेस्ट (छोट्या पात्रांत वेगवेगळ्या मात्रा आजमावणे) करून मात्रा ठरवली, तर कोणताही भांडवली खर्च न करता गाळ कमी होतो. प्राथमिक टप्प्यातील रासायनिक गाळ जैविक गाळात मिसळू देऊ नये, कारण त्याचे पुढचे कायदेशीर वर्गीकरणही वेगळे असू शकते.

याच संदर्भात शेणाचा उल्लेख करायला हवा. प्रकल्प सुरू करताना बी म्हणून शेण टाकणे समजू शकते, परंतु काही ठिकाणी पाणी बिघडले की दर आठवड्याला शेण आणि गूळ टाकण्याची सवय जडलेली असते. शेणातील तंतुमय भाग एरेशन टँकमध्ये फारसा कुजत नाही, तो सरळ गाळात जमा होतो. आणि गूळ म्हणजे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून मोजला जाणारा सेंद्रिय भार, आहे.

रोज किती गाळ अपेक्षित आहे

आता मुख्य हिशेब. सोयीसाठी असा दुग्धप्रक्रिया प्रकल्प धरू, जिथे रोज ५०० घनमीटर सांडपाणी येते, सापळा आणि समतोल टाकीनंतर त्याचा बीओडी १,००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि एरेशन टँक १,००० घनमीटरचा आहे. म्हणजे रोजचा भार ५०० किलो, आणि त्यातला सुमारे ४९० किलो निघून जातो. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांचा मोजतात आणि पुस्तकांतील स्थिरांक २० अंशांवरील पाच दिवसांच्या चाचणीवर आधारलेले असतात, पण प्रकल्पावरच्या अंदाजासाठी हे दोन्ही जवळपास सारखे धरायला हरकत नाही.

जिवाणू सेंद्रिय पदार्थाचा काही भाग जाळून ऊर्जा मिळवतात आणि उरलेल्या भागातून नव्या पेशी बांधतात. काढलेल्या एक किलो बीओडीमागे साधारण अर्धा किलो पेशी तयार होतात. पुढे अन्नाची चणचण भासली की याच पेशी स्वतःचा साठा जाळू लागतात, आणि हा क्षय रोज ६ ते १० टक्के असतो. त्यामुळे गाळ टाकीत जितका जास्त दिवस राहील, तितका तो आपोआप घटतो. प्रणालीतील एकूण गाळाला रोज बाहेर जाणाऱ्या गाळाने भागले की गाळाचे वय मिळते. ऑपरेटर त्याला स्लज एज म्हणतात. क्षय ८ टक्के धरला आणि मेलेल्या पेशींचा सुमारे १५ टक्के भाग न कुजता मागे उरतो असे मानले, तर वरील प्रकल्पात वय ५ दिवस असताना रोज सुमारे १८५ किलो सेंद्रिय गाळ तयार होईल, १० दिवसांना १५०, २५ दिवसांना १०५ आणि ५० दिवसांना ७८ किलो.

या चार आकड्यांत बरेच काही आहे. प्रत्यक्षात प्रेसच्या केकचे (दाबून निघालेल्या गाळाचे) वजन आणि त्यातील ओलावा मोजून रोजचा सेंद्रिय गाळ १०० किलोंच्या आसपास भरत असेल, तर जैविक प्रक्रिया आपले काम नीट करत आहे आणि अडचण पाणी काढण्याच्या टप्प्यात आहे. तो २५० किलो भरत असेल, तर कोणत्याही गाळवयाने तो समजावता येत नाही. म्हणजे भार आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे किंवा तोच गाळ दोनदा मोजला जात आहे. आणि १०वरून २५ दिवसांवर जाताना ४५ किलो वाचतात, पण २५वरून ५०वर जाताना, म्हणजे आणखी पंचवीस दिवस थांबून, केवळ २७ किलो.

भार : उत्पादन विभागाशी बोलल्याशिवाय सुटत नाही

दुधाचा बीओडी लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम असतो. टँकर रिकामा करताना किंवा नळी सोडताना शंभर लिटर दूध सांडले, तर दहा किलो बीओडी आणि त्यातून दोन-तीन किलो कोरडा गाळ. हे अजून सोसण्यासारखे आहे. पनीर किंवा चीज बनवताना उरणारी निवळी मात्र लिटरमागे ३५ ते ४५ ग्रॅम बीओडी घेऊन येते. रोज दहा हजार लिटर निवळी गटारात गेली, तर ती एकटीच ३५० ते ४५० किलो भार आणते, म्हणजे आपल्या उदाहरणातील प्रकल्पाचा भार जवळजवळ दुप्पट होतो. पाण्याचे प्रमाण त्यामुळे फक्त दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे फ्लोमीटरवर काहीच कळत नाही. दिवसातून एकदा बाटलीत घेतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवणारे प्रकल्प इथेच फसतात. चोवीस तासांचा मिश्र नमुना घ्यावा, आणि शंका असेल तर समतोल टाकीच्या तोंडाशी दर दोन तासांनी सीओडी (रासायनिक चाचणीने मोजलेला सेंद्रिय भार) तपासावा. निवळी कोणत्या पाळीत सोडली जाते ते एका दिवसात दिसते.

उगमापाशी अडवलेला भार हा गाळ कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण त्यासाठी वीज लागत नाही, उलट वाचते. पाइपलाइन धुण्याआधी त्यातील दूध ढकलून परत घेणे, पहिले धुवण वेगळ्या टाकीत साठवणे, निवळी वेगळी काढून तिचा वापर करणे ही कामे ईटीपीच्या माणसाच्या अधिकारात नसतात, आणि म्हणूनच ती राहून जातात. गाळाच्या रोजच्या किलोंचा तक्ता उत्पादन प्रमुखाच्या टेबलावर गेला, तर ती होण्याची शक्यता वाढते.

गाळाचे वय वाढवणे

भार आणि रसायने तपासून झाल्यावरच इथे यावे. आपल्या उदाहरणात वय २५ दिवस ठेवायचे तर टाकीत सुमारे २,६५० किलो सेंद्रिय गाळ हवा, म्हणजे एमएलएसएस ३,५००च्या आसपास. एक हजार घनमीटरच्या टाकीत हे आरामात बसते. राखेसह रोज सुमारे १४० किलो गाळ प्रणालीबाहेर जायला हवा. त्यातला पंधरा-एक किलो प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर निसटतोच. उरलेला सव्वाशे किलो रिटर्न लाइनमधून, तिथली घनता लिटरला आठ ग्रॅम असेल तर, सुमारे १६ घनमीटर उपसून काढावा लागेल. हा उपसा रोज आणि शक्यतो थोडा थोडा करावा. शनिवारी एकदम शंभर घनमीटर काढून टाकण्याची पद्धत असेल, तर आठवड्याच्या सुरुवातीला गाळ तरुण आणि अखेरीस गर्दीचा, असा झोका चालू राहतो आणि कोणतीच स्थिती स्थिरावत नाही.

बदल सावकाश करावा : उपसा एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक घटवू नये, आणि नवे वय गाठल्यावर परिणाम ठरवण्याआधी त्या वयाच्या निदान दुप्पट काळ जाऊ द्यावा. २५ दिवसांच्या वयासाठी हा काळ जवळपास दोन महिन्यांचा आहे. दर चार दिवसांनी झडप फिरवणाऱ्याला आपल्या कोणत्या कृतीने काय घडले हे कधीच कळत नाही.

याची किंमत ऑक्सिजनमध्ये मोजावी लागते. जो गाळ प्रेसमध्ये गेला नाही, तो टाकीत जळला. आणि एक किलो पेशी जाळायला सुमारे १.४२ किलो ऑक्सिजन लागतो. १०वरून २५ दिवसांवर जाताना वाचलेल्या ४५ किलोंसाठी रोज सुमारे ६५ किलो अधिक ऑक्सिजन हवा. प्रत्यक्ष टाकीत एका युनिट विजेमागे साधारण एक किलो ऑक्सिजन विरघळतो असे धरले, तर ६५ युनिटे. समोरच्या पारड्यात २० टक्के घनतेचा रोजचा सव्वादोनशे किलोंहून अधिक केक, त्यातून पाणी सुटावे म्हणून घालायचा पॉलिमर, मजुरी आणि वाहतूक. ज्यांना गाळ रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीच्या सामायिक घातक कचरा केंद्रात पाठवावा लागतो, त्यांना हा व्यवहार बहुधा परवडेल. ज्यांचा निर्धोक जैविक गाळ तपासणीनंतर कंपोस्टमध्ये जातो, त्यांनी आपल्या दरांनी हिशेब मांडावा. एक छोटा फायदा मात्र दोघांनाही मिळतो : नत्राची गरज नव्या गाळाच्या वजनावर ठरते, त्यात सुमारे १२ टक्के नत्र असते, म्हणून गाळ घटला की १०० भाग बीओडीला ५ भाग नत्र या ठोकताळ्याने टाकला जाणारा युरियाही कमी करता येतो. हा युरिया तांत्रिक वापरासाठीचा असावा. शेतीसाठीची अनुदानित गोणी इथे वापरणे कायद्याला धरून नाही.

वय किती वाढवावे याला वरची मर्यादा आहे, आणि ती टाकीपेक्षा क्लॅरिफायर ठरवतो. एमएलएसएस ५,०००च्या पुढे गेले की अनेक जुन्या क्लॅरिफायरांत गाळाचा थर वर सरकू लागतो. फार म्हाताऱ्या गाळाचे कण बारीक होऊन निसटतात व पाणी गढूळ दिसते. शिवाय लांब वयात अमोनियाचे नायट्रेट होते. त्यात एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, म्हणून सामू घसरत आहे का हे पाहावे. क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ रेंगाळला, तर त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन गाळाचे गठ्ठे वर तरंगतात. अशा वेळी उपसा न वाढवता रिटर्न पंपाचा वेग वाढवावा.

मोठे उपाय

सांडपाण्याचा सीओडी सतत २,००० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल, तर एरेशनआधी ऑक्सिजनविरहित टप्पा बसवण्याचा गांभीर्याने विचार करावा. त्यात काढलेल्या किलो सीओडीमागे केवळ ५० ते १०० ग्रॅम गाळ तयार होतो आणि सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. आपल्याकडील हवामान या जिवाणूंना अनुकूल आहे. राज्यातील मद्यार्क कारखाने स्पेंटवॉशवर (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर) हीच प्रक्रिया वर्षानुवर्षे करत आले आहेत. दुग्धव्यवसायात मात्र स्निग्धांश आधी नीट काढावा लागतो, नाहीतर चरबी चिकटून गाळ तरंगतो आणि रिॲक्टरमधून वाहून जातो.

ओझोन, ध्वनिलहरी किंवा उष्णतेने पेशी फोडून त्या परत एरेशनमध्ये सोडण्याच्या पद्धती शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या आहेत, परंतु एक किलो ओझोन बनवायला १० युनिट किंवा त्याहून अधिक वीज लागते, आणि फुटलेल्या पेशींतील नत्र, स्फुरद व सीओडी पुन्हा पाण्यात येतात. रोजच्या शंभर-दीडशे किलो गाळासाठी मी या वाटेला जाण्याचा सल्ला देणार नाही. बायो-कल्चरबाबत एकच अट घालावी : वापराआधी आणि नंतर, समान भारावर, दोन गाळवयांच्या काळात कोरडे किलो किती घटले ते विक्रेत्याने दाखवावे.

पाणी काढणे आणि परत फिरणारा गाळ

केक १५ टक्क्यांऐवजी २५ टक्के घनतेचा निघाला, तर त्याच कोरड्या गाळाचे ओले वजन ४० टक्क्यांनी कमी होते; १०० किलो कोरड्या गाळाचा केक ६६७ किलोंऐवजी ४०० किलो भरतो. पॉलिमरचे द्रावण ताजे आहे का, प्रेसची कापडे बुजली आहेत का, आणि उपसलेला गाळ प्रेसला जाण्याआधी थिकनरमध्ये घट्ट होतो का, एवढे पाहिले तरी बऱ्याच ठिकाणी फरक पडतो. गाळ १ टक्क्यावरून २ टक्क्यांवर आला की त्याचे आकारमान निम्मे होते. उपसलेला गाळ उघड्या टाकीत दिवसेंदिवस सडत ठेवू नये. सडलेला गाळ पाणी सोडत नाही.

गाळणीचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून पाहावे. ते गढूळ असेल तर त्याचे निलंबित घन मोजावेत. रोज १५ घनमीटर पाण्यात लिटरला दोन ग्रॅम गाळ निसटत असेल, तर तीस किलो गाळ रोज समतोल टाकीत परत जातो आणि नव्या गाळासारखा पुन्हा मोजला जातो.

ड्रायिंग बेडवर पारदर्शक पत्र्यांचे, बाजूंनी मोकळे छप्पर मे महिन्यापूर्वीच घालावे आणि पावसाळा लागण्याआधी सर्व बेड खरवडून रिकामे करावेत. रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांतील पहिल्या अनुसूचीच्या ३५.३ या वर्गात मोडत असेल, तर तो आवारात ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही, त्यामुळे त्याची उचल पावसाच्या उघडिपीवर अवलंबून ठेवता येणार नाही. त्याच्यासाठी बेडची वाट न पाहता प्रेसची एक पाळी राखून ठेवावी.